दाब, प्रवाह आणि रोध : विद्युत परिपथाच्या नियमांचा मराठीतील प्रवेश

१

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा सुट्या शब्दांची चर्चा असते. अमुक इंग्रजी शब्दास सुचविलेला मराठी प्रतिशब्द सुबोध आहे की बोजड, संस्कृतातून घडविलेला आहे की बोलीतून उचललेला, या प्रश्नापाशी ती सुरू होते आणि तेथेच संपते. परंतु भौतिकशास्त्रातील नियम म्हणजे शब्दांची यादी नव्हे. तो राशींमधील नात्याविषयीचे विधान असतो. त्या नात्यातील एक शब्द बदलला की उरलेल्या शब्दांचेही स्थान हलते. म्हणून एखादा नियम भाषेत आला की नाही हे ठरविताना त्यातील प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द मिळाला काय, एवढेच पाहून भागत नाही. ते प्रतिशब्द मिळून एक व्यवस्था सिद्ध करतात काय, हेही पाहावे लागते.

प्रस्तुत निबंधात या दृष्टीने साध्या विद्युत परिपथाचे तीन मूलभूत नियम विचारार्थ घेतले आहेत : ओहमचा एक आणि किरखोफचे दोन. युरोपीय भाषांत या नियमांचे शब्द कसे स्थिरावले, मराठीत ते कोणत्या वाटांनी आले, आणि आजच्या बोलण्यात त्यांचे काय झाले, असा विवेचनाचा क्रम ठेवला आहे. उदाहरणांसाठी नाशिक जिल्ह्यातील वणी हे गाव व त्याचा परिसर निवडला आहे. प्रस्तुत लेखकाचे बालपण तेथे गेले, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. द्राक्षे, टोमॅटो व कांदा पिकविणाऱ्या दिंडोरी तालुक्याच्या या भागात विहिरीवरील वीजपंप हा मळ्याच्या संसाराचाच एक घटक आहे. परिपथाचे नियम तेथे पुस्तकाबाहेर रोज घडत असतात. शाळेत ‘विभवांतर’ हा शब्द पाठ करणाऱ्या आम्हा मुलांना मात्र घरी ज्याला ‘होल्टेज’ म्हणतात तेच हे, असे कित्येक वर्षे कळले नव्हते. या अज्ञानाचे मूळ मुलांच्या मंदबुद्धीत शोधावयाचे की भाषेच्या व्यवहारात, हा या निबंधामागील प्रश्न आहे.

२

गेओर्ग झीमोन ओहम (१७८९–१८५४) हा कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकी शिकविणारा अध्यापक होता. तारेची लांबी वाढविली असता तिच्यातून होणारा विजेचा परिणाम किती घटतो, हे तो मोजत होता. १८२५ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेले पहिले सूत्र चुकीचे निघाले. त्या काळचे व्होल्टाचे घट प्रयोग चालू असतानाच क्षीण होत. मोजमापाचा आधारच डळमळीत होता. पोगेंडॉर्फ या संपादकाने त्यास घटाऐवजी उष्णतेवर चालणारे विद्युत युग्म वापरण्याची सूचना केली. बिस्मथ व तांबे यांच्या सांध्यांपैकी एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्यावर प्रेरक कारण स्थिर राहिले, आणि १८२६ मध्ये योग्य सूत्र हाती आले : परिणाम हा प्रेरक कारणाच्या सम प्रमाणात आणि परिपथातील एकूण अडथळ्याच्या व्यस्त प्रमाणात असतो. १८२७ मध्ये बर्लिन येथे निघालेल्या ग्रंथात ओहमने याचे गणिती विवरण केले.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्या ग्रंथातील शब्दयोजना लक्षणीय आहे. आपण ज्याला परिपथ म्हणतो त्याला ओहम ‘केटे’ म्हणजे साखळी म्हणतो. आपण ज्याला विभव म्हणतो त्याला तो ‘विद्युतदर्शकी बल’ अशा अर्थाचे नाव देतो, कारण ते विद्युतदर्शकाने मोजले जाई. त्याच्या विचाराचा साचा पाण्याचा नव्हे, उष्णतेचा होता. फूर्येने १८२२ मध्ये उष्णतावहनाचे जे गणित मांडले, त्यावरूनच ओहमने आपले गणित बेतले : तापमानातील फरकाने उष्णता वाहते, तद्वत् या ‘बला’तील फरकाने वीज वाहते.

ओहमच्या आधी १८२० मध्ये अँपिअरने फ्रेंच भाषेत ‘ताण’ आणि ‘प्रवाह’ हे दोन शब्द प्रथमच काटेकोरपणे वेगळे केले होते. परिपथ उघडा असताना टोकांपाशी असतो तो ताण, आणि परिपथ मिटल्यावर तारेतून चालतो तो प्रवाह, असा त्याचा भेद होता. हा भेद वरकरणी साधा वाटतो. पण पुढे दिसून येईल की आपल्या बोलण्यात तोच हरवलेला आहे.

ओहमचे महत्त्व जर्मनीत लगेच ओळखले गेले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यास कॉप्ली पदक दिले. १८४३ मध्ये व्हीटस्टनने आपल्या व्याख्यानातून त्याचा नियम इंग्रजी वाचकांपुढे ठेवला. तेव्हापासून तीन राशींचे नाते रूढ झाले : दाब भागिले रोध बरोबर प्रवाह. परंतु शब्द मात्र त्यानंतरही स्थिर नव्हते. १८६१ मध्ये क्लार्क व ब्राइट या दोन इंग्रज अभियंत्यांनी एककांना शास्त्रज्ञांची नावे देण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यांनी ओहमचे नाव विद्युत प्रेरणेला आणि व्होल्टाचे नाव रोधाला सुचविले होते. आजच्या नेमके उलट. ओहम, व्होल्ट व अँपिअर ही आजच्या अर्थाची योजना १८८१ च्या पॅरिस परिषदेत आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झाली. ज्या भाषांतून आपण शास्त्र घेतले त्यांतही हे शब्द स्थिर व्हावयास पन्नासांहून अधिक वर्षे लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे मराठीविषयी अकारण न्यूनगंड बाळगण्याचे कारण उरत नाही.

३

गुस्टाफ किरखोफ (१८२४–१८८७) हा क्योनिग्सबर्ग येथे विद्यार्थी असतानाच, १८४५ मध्ये, त्याचे दोन नियम प्रसिद्ध झाले. ओहमच्या नियमाने एकाच वाटेचा परिपथ सुटतो. वाटा फुटत व मिळत असतील तर तो एकटा पुरा पडत नाही. ती उणीव किरखोफने भरून काढली.

पहिला नियम सांध्याचा आहे. अनेक तारा जेथे मिळतात तेथे जेवढा प्रवाह आत येतो तेवढाच बाहेर जातो. हा नियम समजण्यास नाशिक–धुळे भागातील शेतकऱ्यास युरोपात जाण्याचे कारण नाही. गिरणा, मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत नदीवर बंधारा घालून पाणी पाटात घेतात, पाटातून चाऱ्यांत सोडतात, आणि पाटकरी ते पाळीने शेतांत फिरवितो. पाट जेथे दोन चाऱ्यांत फुटतो तेथे एका चारीत अधिक पाणी गेले तर दुसरीत तितके कमी जाणार, हा हिशोब पाटकऱ्याला तोंडपाठ असतो. फरक एवढाच की पाटाचे पाणी वाटेत पाझरते व उन्हाने उडते. तारेच्या सांध्यावर विजेचा काहीच अंश हरवत नाही. म्हणून किरखोफचा नियम पाटकऱ्याच्या हिशोबापेक्षा अधिक कडक आहे.

दुसरा नियम फेऱ्याचा आहे. परिपथातील कोणत्याही बंद वाटेने एक फेरा पूर्ण केला, तर वाटेत चढलेला दाब आणि उतरलेला दाब यांची बेरीज शून्य येते. वणीहून नांदुरीमार्गे सप्तशृंग गडावर जाऊन परत वणीत येणाऱ्या यात्रेकरूचा विचार करावा. तो कोणत्या वाटेने चढला व कोणत्या वाटेने उतरला, याला महत्त्व नाही. घरी परतल्यावर एकूण चढ आणि एकूण उतार सारखेच भरतात, कारण प्रत्येक स्थानाला स्वतःची एक निश्चित उंची आहे. परिपथातील प्रत्येक बिंदूलाही तशीच एक निश्चित विद्युत पातळी असते. घट अथवा जनित्र वीज वर चढविते, आणि रोधातून जाताना ती पायरीपायरीने खाली उतरते.

ही ‘पातळी’ म्हणजे नेमके काय, याचा उलगडा किरखोफनेच १८४९ मध्ये केला. ओहमचे ‘विद्युतदर्शकी बल’ आणि स्थिर विजेच्या गणितातील विभव या दोन वस्तू नसून एकच आहे, असे त्याने दाखविले. दोन शाखांत दोन नावांनी वावरणारी राशी एक असल्याचे ओळखणे, हे शास्त्रातील मोठे काम होय. मराठीत आपण याच्या उलट दिशेने गेलो. एकच असलेल्या राशीला आपण एकामागून एक नवी नावे देत राहिलो.

४

‘वीज’ हा शब्द मराठीत परका नाही. संस्कृत ‘विद्युत्’, प्राकृत ‘विज्जु’, मराठी ‘वीज’ अशी त्याची सरळ परंपरा आहे; ‘वीज’ आणि ‘विद्युत’ हे एकाच शब्दाचे तद्भव व तत्सम अवतार होत. मोल्सवर्थच्या कोशाच्या काळी (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) वीज म्हणजे आकाशातील वीज. तारेतील वीज हा अर्थ तिला नंतर चिकटला आणि इतका दृढ झाला की आज ‘वीज गेली’ म्हटल्यावर कोणाला आभाळ आठवत नाही.

देशी भाषेतून तंत्रशिक्षण देण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत बडोद्याच्या कलाभवनाचा (१८९०) उल्लेख आवश्यक आहे. त्याचे संस्थापक सयाजीराव गायकवाड हे जन्माने नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. पुढे १९२८ मध्ये पुण्याहून ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघू लागले व शास्त्रीय विषयांवर सातत्याने मराठी गद्य लिहिले जाऊ लागले. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय आणि साहित्य संस्कृती मंडळ यांची कामे सुरू झाली. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाची उभारणी झाली, त्याचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. इकडे केंद्र सरकारने १९६१ मध्ये वैज्ञानिक परिभाषेसाठी स्थायी आयोग नेमला, आणि १९६७ मध्ये शालेय पुस्तकांसाठी बालभारतीची स्थापना झाली.

या प्रत्येक संस्थेचे कार्य थोर आहे, यात शंका नाही. परंतु परिपथाच्या तीन नियमांपुरते पाहता त्यांचे शब्द एका दिशेने वाहत नाहीत. विश्वकोशात परिपथाला ‘मंडल’, विभवाला ‘वर्चस्’ आणि बलाला ‘प्रेरणा’ म्हटले आहे. शालेय पुस्तकांत ‘परिपथ’, ‘विभवांतर’, ‘बल’ आणि ‘विद्युतधारा’ हे शब्द आले. ते हिंदीतील केंद्रीय परिभाषेशी जुळतात. हिंदीतील ‘प्रतिरोध’ मात्र आपण घेतला नाही. ‘रोध’ हा सुटसुटीत शब्द टिकला. वीज कंपनीच्या कागदोपत्री तिसराच संच आहे : ‘उच्चदाब वाहिनी’, ‘लघुदाब ग्राहक’, ‘रोहित्र’, ‘भारनियमन’. अशा रीतीने एकाच राशीला मराठीत ‘वर्चस्’चा फरक, ‘विभवांतर’ आणि ‘दाब’ अशी तीन नावे झाली, आणि ती वापरणारे तिघे एकमेकांची पुस्तके क्वचितच वाचतात.

यांपैकी काही शब्दांचे भवितव्य तपासण्याजोगे आहे. ‘मंडल’ हा शब्द अर्थदृष्ट्या निर्दोष होता. जर्मन भाषेतही आज ओहमची साखळी मागे पडून ‘प्रवाहवर्तुळ’ अशा अर्थाचा शब्द रूढ आहे. तथापि १९६० पासून २००५ पर्यंत महाराष्ट्रात ‘विद्युत मंडळ’ म्हणजे वीज पुरविणारी सरकारी संस्था हा अर्थ इतका प्रबळ होता की त्याच उच्चाराजवळचा ‘विद्युत मंडल’ हा पारिभाषिक शब्द तिच्या छायेत राहिला असावा, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. ‘परिपथ’ला ही अडचण नव्हती. शिवाय लॅटिनमधील ‘भोवती जाणे’ या ज्या अर्थापासून इंग्रजी शब्द निघाला, त्याच्याशी तो अक्षरशः जुळतो. तो टिकला हे इष्टच झाले.

‘रोहित्र’चे उदाहरण निराळे आहे. पाणिनीने मोजक्या धातूंना साधनवाचक ‘इत्र’ प्रत्यय सांगितला आहे. ‘खनित्र’, ‘लवित्र’, ‘अरित्र’ हे त्याचे जुने नमुने. त्या साच्यावर ‘जनित्र’ व ‘चलित्र’ बनले आणि ‘रुह्’ म्हणजे चढणे या धातूशी नाते सांगणारे ‘रोहित्र’ही बनले. रचना सुंदर आहे. पण वणीच्या शिवारात त्याला ‘डीपी’च म्हणतात. उलट ‘भारनियमन’ हा तितकाच घडीव शब्द वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचला, कारण ज्या दिवशी तो वापरावा लागला त्या दिवशी सर्वांनाच त्याची झळ लागत होती. शब्द रुजतो तो व्युत्पत्तीच्या शुद्धतेमुळे नव्हे, प्रसंगाच्या निकडीमुळे, एवढे तरी यावरून म्हणता येते.

‘धारा’विषयी एक शंका नोंदवावीशी वाटते. हिंदीत धारा म्हणजे नदीचा ओघ. मराठी ग्रामीण मुलाच्या कानात मात्र धारा म्हणजे पावसाच्या धारा, अथवा गाईच्या काढावयाच्या धारा. दोन्हींत वरून खाली पडणे आहे; एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परत येणे नाही. ‘प्रवाह’ या शब्दात ती अडचण नाही, आणि तो आजही लोकांच्या वाचनात आहे.

५

आता बोलण्यातील मराठीकडे वळू. वणीच्या बाजारात वीजपंपाची दुरुस्ती करणाऱ्याच्या दुकानात बसले असता जे शब्द ऐकू येतात ते थोडे आहेत : लाइट, करंट, होल्टेज, लोड, फेज, न्यूट्रल, फ्यूज, अर्थिंग, शॉर्ट. हे सारे इंग्रजीतून आले म्हणून त्यांस नाक मुरडणे सोपे आहे. पण भाषाभ्यासकाने त्यांचे अर्थ तपासले पाहिजेत, कारण ते मूळ इंग्रजी अर्थ राहिलेले नाहीत.

‘लाइट’ म्हणजे प्रकाश नव्हे, वीजपुरवठा. म्हणूनच ‘रात्रीची लाइट’ म्हणजे शेतीला रात्री मिळणारी वीज. ‘सर्किट’ हा शब्द एकटा येत नाही. तो ‘शॉर्टसर्किट’ या जोडशब्दातच येतो आणि त्याचा अर्थ आग असा असतो. म्हणजे परिपथ ही वस्तू आपल्या बोलीत ती बिघडते तेव्हाच नाव घेऊन उभी राहते. सुरळीत चालणाऱ्या परिपथाला नाव नाही.

सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘करंट’. त्याचा मूळ अर्थ प्रवाह. परंतु ‘तारेत करंट आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा तारेतून काहीच वाहत नसले तरी चालते. तार जिवंत आहे, तिच्यावर दाब आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘करंट लागला’ म्हणतो तेव्हा मात्र शरीरातून खरोखर प्रवाह गेलेला असतो. अँपिअरने १८२० मध्ये जे दोन अर्थ वेगळे केले, ते आपल्या एका शब्दात पुन्हा एकत्र झाले आहेत.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. पंप बंद आहे, म्हणजे ‘करंट चालू नाही’, असे समजून तारेला हात लावणारा मनुष्य प्रवाह नसण्यावरून दाब नसण्याचे अनुमान करतो. परिपथ उघडा असला की प्रवाह शून्य असतो, पण दाब पूर्ण असतो. आणि ओल्या वाफ्यात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचे शरीरच तो परिपथ पुरा करते. ओल्या शरीराचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्ट दाबाने त्यातून ०.२३ अँपिअर म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. ३० मिलिअँपिअरच्या पुढील प्रवाह प्राणघातक ठरू शकतो. ओहमचा नियम माहीत असणे आणि ‘दाब’ व ‘प्रवाह’ यांसाठी दोन वेगळे शब्द तोंडी असणे, यांचा येथे जिवाशी संबंध येतो.

दुसरे उदाहरण कमी भयंकर, पण रोजचे. त्याच दुकानात एका वृद्ध शेतकऱ्यास कारागिराने सांगितलेले वाक्य प्रस्तुत लेखकाने ऐकले आहे : “नाना, तिघांनी एकदम मोटारी सुरू करू नका, टेलच्या मळ्यात होल्टेज पोचत नाही.” ‘टेल’ हा शब्द कालव्यावरून आला आहे, कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी कमी पोचते, तसेच तारेच्या शेवटच्या टोकाला दाब कमी पोचतो. या वाक्यात तिन्ही नियम दडलेले आहेत. सोपेपणासाठी एकाच फेजची वाहिनी घेऊ. रोहित्रापाशी दाब २३० व्होल्ट, आणि जाणारी व परतणारी मिळून तारेचा रोध १ ओहम समजू. टोकाशी एक पंप १० अँपिअर प्रवाह घेत असेल, तर ओहमच्या नियमाने तारेतच १० व्होल्ट उतरतात, आणि किरखोफच्या दुसऱ्या नियमाने पंपाला २२० उरतात. तसेच तीन पंप एकदम चालले, तर पहिल्या नियमाने तारेतून ३० अँपिअर जावे लागतात. ३० व्होल्ट वाटेतच उतरतात आणि पंपांना २०० मिळतात. (प्रत्यावर्ती प्रवाहात मोटारीच्या वेटोळ्यांचाही हिशोब धरावा लागतो, पण तर्काची दिशा हीच.) दाब घटल्यावर तेवढेच पाणी उपसण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते, उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेटोळे जळते. हे जळणे कोणाच्या नशिबाचा भाग नाही; ते एका भागाकाराचे व एका बेरजेचे फलित आहे.

६

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात.

पहिला असा की, परिभाषा नियमानुसार निवडावी, शब्दानुसार नव्हे. ‘दाब–प्रवाह–रोध’ या तिन्ही शब्दांचा साचा एक आहे. पाण्याच्या अनुभवातून आलेल्या मनुष्यास त्यांचे परस्परनाते न सांगता उमगते. ‘विभवांतर–धारा–रोध’ या संचात तसे नाते ऐकू येत नाही. ते वेगळे पाठ करावे लागते.

दुसरा असा की, ‘विभव’ हा शब्द त्याज्य नाही. ‘दाब’ म्हटल्याने यांत्रिक दाबाशी गोंधळ होण्याचा संभव आहे, आणि क्षेत्राच्या गणितात विभवावाचून चालत नाही. ओहमच्या बलाचे विभवाशी ऐक्य जसे किरखोफने दाखविले, तसे आपल्या पुस्तकांनीही प्रथम विद्युतदाब शिकवून नंतर ‘ज्याला आपण आजवर दाब म्हटले ते दोन बिंदूंच्या विभवांतील अंतर होय’ असे एक वाक्य लिहावे. आज नेमके तेच वाक्य विद्यार्थ्याच्या वाट्याला क्वचित येते.

तिसरा निष्कर्ष भाषाशास्त्राच्या अभ्यासकांसाठी आहे. परिभाषेचा अभ्यास कोशांवरून करण्याची आपली रीत आहे. तो दुरुस्तीच्या दुकानांत, रोहित्राखाली आणि पाटावरही केला पाहिजे. ‘करंट’, ‘टेल’, ‘शॉर्ट’ या शब्दांचे अर्थ प्रत्यक्ष वाक्यांतून नोंदविले, तर लोकांनी कोणता भेद जपला आहे आणि कोणता गमावला आहे हे कळेल. जो गमावला आहे तेथेच शास्त्रीय शब्दाची खरी गरज आहे. नाशिक जिल्ह्यापुरता असा संग्रह एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेतला, तर त्याचा उपयोग कोशकारांप्रमाणेच ओल्या वाफ्यात उभ्या असणाऱ्या माणसालाही होईल.